बेसूर मार्सेलचा डेक

भिजवलेले वाल सोलायला घेतले होते. अर्धे पातेल्यात, अर्धे अजून पाण्यात. तेवढ्यात मार्सेल, माझा नवरा, चर्चच्या ऑफिसातून आला आणि ओट्यावर सालींच्या ढिगावरच एक जाड पाकीट ठेवून मोकळा झाला.

"काय आहे?"

"पुस्तिका. छापायच्या आधीची. डेन्झिलने सगळ्यांना वाचायला दिलीय. चुका असतील तर कळवा म्हणाला."

गावच्या सणाला यंदा आमच्या धर्मग्रामाच्या संगीताचा इतिहास छापून घरोघर वाटणार आहेत, हे मला ठाऊक होतं. लिहिणारा डेन्झिल. बँकेतून निवृत्त झाल्यापासून सण कमिटीचा अध्यक्ष तोच. हात पुसले आणि पानं उलटली. पान सत्तेचाळीसवर 'सॉल्ट विंड' या बँडचा फोटो होता. चार पोरं, खांद्यापर्यंत केस, मधे कीबोर्डमागे डेन्झिल आणि कडेला गिटार घेतलेला माझा मार्सेल. खाली लिहिलं होतं: '१९८९च्या सणाच्या कार्यक्रमात मार्सेल यांची गिटार पूर्णपणे बेसूर लागल्याने श्रोत्यांनी गोंधळ केला व त्यांना स्टेज सोडावे लागले. त्यानंतर बँड पुन्हा उभा राहिला नाही.'

"वाचलंस?"

"वाचलं."

"मग?"

"फोटो चांगला आलाय," मार्सेल म्हणाला आणि चहाचं आधण ठेवायला लागला.

असा हा माणूस. लोक मला म्हणतात, सालोमी, तू नशीबवान, नवरा कधी आवाज चढवत नाही. त्याने आवाज चढवणं कधी सोडलं ते मी पाहिलंय.

आमच्या आळीत तीन मार्सेल. ओळखू यावेत म्हणून एक मास्तर मार्सेल, एक केळीवाला मार्सेल आणि आमचा तो बेसूर मार्सेल. लग्नाच्या पत्रिकेवर कंसात तसंच लिहून येतं. कुरिअरवाला नाक्यावर विचारतो, "बेसूर मार्सेल कुठे राहतात?" त्याला वाटतं आडनावच असेल. कारखान्यात चौतीस वर्षं इलेक्ट्रिशियन म्हणून राबला, गावातल्या निम्म्या घरांच्या वायरी त्याने ओढल्या, कोणाच्या मयतीला पहिला हजर तो. पण नाव काय, तर बेसूर. लग्नाच्या मांडवात सगळे नाचत असतात तेव्हा हा जनरेटरजवळ उभा. चर्चमध्ये मिस्सेला गायनाच्या वेळी ओठसुद्धा हलवत नाही. मी गायकवृंदात पहिल्या रांगेत, आणि माझा नवरा शेवटच्या बाकावर तोंड मिटून. गिटार त्याने आमच्या लग्नाआधीच विकली.

आतापर्यंत ते नुसतं लोकांच्या तोंडात होतं. तोंडं म्हातारी होतात, मरतात. पण पुस्तिका घराघरांत कपाटात राहणार. माझी नातवंडं वाचणार. आणि मार्सेल गेला की वेदीवरून मयतीची सूचना देतानाही कोणीतरी तसंच म्हणणार. ते मी होऊ देणार नव्हते. पुस्तिका छापली जायला पाच आठवडे होते.

त्या संध्याकाळी मी तिथेच होते, एकोणीस वर्षांची, बायकांच्या खुर्च्यांत तिसऱ्या रांगेला. कार्यक्रम चर्चमागच्या मैदानात. सातची घंटा झाली तसं वाजवणं थांबलं, सगळं मैदान प्रार्थनेला उठून उभं राहिलं. घंटेचा शेवटचा टोला अजून हवेत होता तेव्हा मार्सेलने त्याच्या स्वतःच्या गाण्याला सुरुवात केली. आधी एकच तार. मग डेन्झिलचा कीबोर्ड आला आणि दोघांचं असं भांडण लागलं की माझ्या दाढा शिवशिवल्या. डेन्झिल माईकवरून ओरडला, "मार्सेल, गिटार नीट लाव!" झालं. मैदान सुरूच झालं, बेसूर, बेसूर. कोणाला शंका आली नाही. कीबोर्ड म्हणजे कंपनीने सूर लावून दिलेलं यंत्र. ते कसं चुकेल? चुकणार तो माणूस. मार्सेल म्हणत राहिला की माझी तार घंटेशी बरोबर आहे. मग वायर उपटली आणि खाली उतरला.

त्या कार्यक्रमाची कॅसेट होती. मार्सेलचे मेव्हणे आखातातून दोन माईकचा रेकॉर्डर घेऊन आले होते, तो त्यांनी मैदानाच्या कुंपणावर ठेवला होता. कॅसेट आमच्या बिस्किटांच्या डब्यात छत्तीस वर्षं पडून. मुलीने, एलिनाने, लॉकडाऊनमध्ये ती फोनवर घेतली होती. मी तिला बोळिंजला फोन केला, पाठव म्हटलं. ऐकलं तर घंटाच नाही! शेवटचा टोला नाही, प्रार्थनेची शांतता नाही. एका गाण्यावर दुसरं गाणं आदळलेलं.

"मम्मी, मी कंप्युटरवर मधला नॉईज काढून टाकला ना," ती म्हणाली.

"अगं, घंटा म्हणजे नॉईज?"

"कंप्युटरला काय माहीत, मम्मी!"

तेव्हा मी ठरवलं, ही कॅसेट जशी आहे तशी ऐकायची. जुन्या काळचं मशीन आणायचं, चांगल्यातलं चांगलं, आणि पहिल्या खुर्चीवर डेन्झिलला बसवायचं. पापनिवेदनाला गेले तेव्हा फादरना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "क्षमा कर, बाई." मी म्हटलं, करीन, पान सत्तेचाळीस बदललं की करीन. रोज रोझरी करताना क्षमेच्या ओळीवर मी ओठ मिटून घ्यायचे. खोटं कशाला बोलायचं? डेन्झिलचं वाईट मात्र मी देवाकडे मागितलं नाही. एवढंच मागितलं, की तो दिवस येईपर्यंत त्याचे कान शाबूत ठेव.

मनवेलपाड्याला चंद्रहासचं दुकान आहे. माणूस मूळचा कळंबचा, कॅसेट वाजवायचे जुने डेक, ॲम्प्लिफायर, स्पीकर दुरुस्त करून विकतो. मार्सेल दुकानाच्या पायरीशीच घुटमळला. मीच आत गेले, कॅसेट काउंटरवर ठेवली.

"कोनता आवाज ऐकायचाय, ताई?" त्याने विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे गानारा ऐकायचाय, ढोल ऐकायचाय, का काय?"

"मैदान ऐकायचंय," मी म्हटलं. "आणि एक घंटा."

तो पहिल्यांदा नीट माझ्याकडे बघायला लागला. "मग बसा. स्टुडिओतलं गानं कशावर पन वाजतं. मैदानातलं गानं वाजवायला खोक्यात मैदान मावलं पायजे."

पहिली स्पीकरची जोडी उंच, चकचकीत, माझ्या खांद्याला लागेल एवढी. कॅसेट लावली तर छातीत धडधडायला लागलं. ढोल तेवढा ऐकू येई, बाकी सगळं पोत्यात भरल्यासारखं. चंद्रहास म्हणाला, "हे वरातीचं." दुसरी जोडी लहान, पुस्तकांच्या कपाटात मावणारी. गाणारा स्वच्छ, प्रत्येक शब्द वेगळा, पण तो कोणाच्या तरी न्हाणीघरात उभा राहून गातोय असं वाटलं. माणसं कुठे गेली? तिसरी जोडी त्याने मागून ओढत आणली. लाकडी खोकी, पुढे तपकिरी कापड, आत कागदाचे कोन. कडेचा फोम सडला होता, तो त्याने नवीन लावला होता. त्यांना जोडायला जुना ॲम्प्लिफायर काढला, धातूच्या जाड बटणांचा.

"ताकद कमी हाय त्याची," चंद्रहास म्हणाला, "पन स्वतःचा आवाज करत नाय. शांत ऱ्हातो."

"आमच्या घरातल्या माणसासारखा," मी म्हटलं. पायरीवरून मार्सेल हसला.

त्या स्पीकरांत मैदान आलं. खुर्च्या सरकल्या, कोणी खोकलं, कोणी पोराला हाक मारली. झावळ्यांची सळसळ आली. आणि घंटा आली, डावीकडून. आमचं चर्च मैदानाच्या डावीकडेच आहे. हेच हवे, म्हटलं.

राहिला डेक. इथे मी माझी अक्कल चालवली. जुन्या डेकचा वेग कमीजास्त होतो, मग सगळे सूर वरखाली होतात, हे मला मार्सेलनेच कधीतरी सांगितलं होतं. वेग बरोबर की चूक हे ओळखायचं कसं? तर घंटेवरून. आमच्या चर्चची दुपारी बाराची घंटा मी फोनवर घेतली. कॅसेटमधली घंटा आणि फोनमधली घंटा जुळली की डेक खरा. आहे की नाही सोपं? डेन्झिलला तोंड उघडायला जागाच ठेवायची नाही.

पहिला डेक लावला. कॅसेटमधली घंटा खाली. "हा नको."

"ताई, हा एकदम करेक्ट हाय. मी मोजलाय."

"घंटा खाली येतेय. नको."

दुसऱ्यालाही तसंच. चंद्रहासने डोकं खाजवलं. दोन आठवड्यांत मी त्याच्या दुकानात चार फेऱ्या मारल्या. चौथ्या वेळी त्याने कंटाळून कोपऱ्यातला एक डेक काढला. लावला. घंटा आली आणि फोनमधल्या घंटेवर अशी बसली, जशी भांड्यावर झाकणी.

"हाच!"

"ताई, हा धावतोय. मोटार फास्ट हाय त्याची. गानारा ऐका, पोरीसारखा वाटतोय."

"धावू दे. आमच्या घंटेशी जुळतोय."

"मालक, तुमी तरी बोला," तो मार्सेलला म्हणाला.

मार्सेलने हात जोडले. "बाबा, गावात माझं नाव बेसूर आहे. मी काय बोलू?"

मला वाटलं, विनोद करतोय.

सगळं घरी आलं. देवघरासमोरची जागा मोकळी करून दिली, क्रुसाखाली ॲम्प्लिफायर, दोन्ही बाजूंना स्पीकर. रविवारी मिस्सेनंतर डेन्झिलला जेवायला बोलावलं. मटण केलं, मैद्याचे फुगे तळले. त्याला फुगे आवडतात हे सगळ्या गावाला माहीत आहे. आला तो पांढरा शर्ट घालून, हातात केक.

"वाः वहिनी, काय थाट! मार्सेल, म्हातारपणी पुन्हा रॉक?"

"तुमच्यासाठीच घेतलंय, डेन्झिलभाऊ," मी म्हटलं. "तुम्ही इतिहास लिहिलात. म्हटलं, इतिहास ऐकवावा."

जेवू घातलं. पोटभर. रिकाम्या पोटी माणूस लक्ष देत नाही. मग त्याला दोन स्पीकरांच्या बरोबर मधे बसवला आणि कॅसेट लावली. घंटेच्या आधीचं गाणं सुरू होतं, डेन्झिल स्वतः नुसत्या ढोलावर गात होता. तो थोडा वेळ ऐकत राहिला, मग मोठ्याने हसायला लागला.

"वहिनी, डेक घेतलात की शिलाई मशीन? केवढं धावतंय! माझा आवाज असा बायकी होता कधी?"

"बरोबर आहे तो वेग. घंटेवरून तपासलाय मी."

"कुठल्या घंटेवरून?"

"कुठल्या म्हणजे? आपल्या चर्चच्या."

तो आणखी हसला, मांडीवर थाप मारून. "अहो वहिनी, ती नवी घंटा! जुनीला तडा गेला, मग नवी बसवली. वीस वर्षं झाली. आशीर्वादाच्या दिवशी तुम्हीच नाही का पाव-भुजिंग वाढत होतात? जुनी घंटा केवढी खाली होती! तिच्यावर आम्ही गिटारी लावायचो, सात वाजता, आठवत नाही?"

खरंच की. मी स्वतः त्या नव्या घंटेला हार करून घातला होता. वीस वर्षं रोज तीन वेळा ऐकून तीच कानात बसली, जुनी कुठल्या कुठे गेली. चांगले दोन डेक मी नाकारले आणि वेडा डेक उचलून आणला. मार्सेलला पहिल्या मिनिटाला कळलं होतं. तो खिडकीतून बाहेर बघत होता.

डेन्झिलला चेव चढला. "स्क्रू ड्रायव्हर आण, मार्सेल. या मोटारीला मागे भोक असतं, आत वेगाचा स्क्रू. मला जुनी घंटा पक्की लक्षात आहे, मी लावतो." त्याने स्वतःच्या हाताने डेक फिरवला, कॅसेट मागे घेतली, स्क्रू फिरवत गेला. घंटा हळूहळू खाली उतरत आली. "अजून... अजून थोडी... हां! ही. ही आपली घंटा. शंभर टक्के."

"शंभर टक्के?" मी विचारलं.

"माझ्या कानाची खात्री आहे, वहिनी."

"हिच्यावरच सगळे सूर लावायचे?"

"दुसरं होतं काय गावात?"

"मग आता पुढे ऐका," मी म्हटलं. "घंटेबरोबर कोण आहे आणि कोण नाही, एवढंच ऐका."

शेवटचा टोला पडला. त्याची गुणगुण खोलीभर राहिली. तिच्यात मार्सेलची तार आली, आणि ती तार आलीय हे कळायलाच एक क्षण लागला, इतकी ती घंटेच्या सुरात मिसळून होती. मग कीबोर्ड आला. वरचा. सरळ सरळ वरचा, पायात खडा आल्यासारखा. मग डेन्झिलचा तरुण आवाज ओरडला, मार्सेल, गिटार नीट लाव.

मी डेक थांबवला. कॅसेट मागे घेतली. पुन्हा लावली. घंटा, तार, कीबोर्ड. पुन्हा मागे. तिसऱ्यांदा लावली तेव्हा डेन्झिलने हात वर केला.

"पुरे, वहिनी."

"मला नाही पुरे."

चौथ्यांदाही लावली.

तो केकच्या पुठ्ठ्याकडे बघत म्हणाला, "कीबोर्ड भाड्याचा होता. मागे सूर वरखाली करायचं बटण असतं. आधीच्या बँडमधल्या कोणीतरी फिरवून ठेवलं होतं."

"कधी कळलं?"

त्याने पुठ्ठ्याचं झाकण लावलं.

"डेन्झिल," मार्सेल पहिल्यांदा बोलला. "कधी कळलं?"

"दुसऱ्या दिवशी. परत द्यायला गेलो तेव्हा मालकाने दाखवलं."

दुसऱ्या दिवशी! म्हणजे मार्सेलने गिटार विकली त्याच्या आधी. आळीतल्या तिसऱ्या मार्सेलला बेसूर नाव पडलं त्याच्या आधी. मी उठले, माझी रोजच्या हिशेबाची वही आणली, मधलं कोरं पान उघडून त्याच्या पुढ्यात ठेवलं आणि पेन दिलं.

"लिहा. पान सत्तेचाळीस."

त्याने लिहिलं: 'काही तांत्रिक गैरसमजामुळे...'

"गैरसमज खोडा."

"वहिनी, भाषा जरा..."

"भाषा मी सांगते, तुम्ही लिहा. माझा कीबोर्ड बेसूर होता. लिहिलंत? मार्सेल यांची गिटार सुरात होती."

"निदान 'चुकून' तरी घालू द्या."

"कीबोर्ड चुकून, ते घाला. पण पुढचं वाक्य असं: मला हे दुसऱ्या दिवशी कळले आणि मी छत्तीस वर्षे बोललो नाही. त्यात 'चुकून' नाही."

"सालोमी, जाऊ दे आता," मार्सेल म्हणाला.

"तू फोटो बघ," मी म्हटलं. त्याला इतकं तोडून मी कधी बोलत नाही.

डेन्झिलने लिहिलं. सही केली. कपाळावरचा घाम पुसून विचारलं, "झालं समाधान?"

"अर्धं. सणाच्या दिवशी हे माईकवरून वाचायचं. तुम्ही. स्वतः."

"ते नाही जमणार. लोक काय म्हणतील?"

"लोक जे मार्सेलला म्हणाले तेच म्हणतील. नाही वाचलंत तर हा डेक, हा ॲम्प्लिफायर आणि ही दोन खोकी टेम्पोत घालून मैदानात आणीन. स्टेजच्या कडेला लावीन. सात वाजता."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग स्पीकरकडे. त्याला कळलं की मी आणीन. "वाचतो," म्हणाला.

निघताना मी त्याला उरलेले फुगे बांधून दिले. घेतले त्याने. जाता जाता दारात पुटपुटला, "कागद द्या, मी सकाळी छापखान्यात देतो."

"नको. तुमच्याकडे गोष्टी राहून जातात."

मार्सेल डेकसमोर जमिनीवर बसला होता. त्याने कॅसेट पुढे चालू केली होती. तो स्टेजवरून उतरल्यावर बँडने आणखी दोन गाणी वाजवली होती, ती त्याने कधी ऐकलीच नव्हती. गिटारीशिवाय ती गाणी एखाद्या बिनदाताच्या माणसासारखी वाजत होती. मार्सेल मान हलवत ऐकत होता, आणि मधेच, जिथे त्याची गिटार यायला हवी होती तिथे, त्याने तोंडाने ती वाजवली. हळू. सुरात.

मला अजून डेन्झिलची कीव येत नाही. फादर विचारतील तेव्हा तसंच सांगेन.

आता साडेचार वाजलेत. छापखाना नालासोपाऱ्याला आहे, रविवारीही सहापर्यंत उघडा असतो. कागद पर्समध्ये घातलाय. रिक्षा पकडून तिथे जायचं आणि पान सत्तेचाळीस समोर उभं राहून बदलून घ्यायचं.